पाच घरांचे चक्र

१९२५ साली अमेरिकी नेमबाज एल्मर कीथच्या हातात .४५ च्या रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटले. त्याने ताकदीचा नाद सोडला नाही, .४५ सोडले. .४४ ची गोळी किंचित बारीक, म्हणून चक्रातल्या काडतुसाच्या घराची भिंत किंचित जाड. त्या भिंतीच्या भरवशावर तो वर्षानुवर्षे अधिक जोराचे काडतूस मागत राहिला. १९५५ मध्ये .४४ मॅग्नम निघाले.

ताकद वाढवण्याआधी तिला धरून ठेवणारी भिंत वाढवावी लागते. माणसे बहुधा आधी ताकद वाढवतात.

पुढच्या कारागिरांनी भिंतीसाठी एक घरच सोडून दिले. सहा घरांच्या चक्रात ते अडकवण्याची खाच सहसा घराच्या पाठीवर, भिंत सर्वांत पातळ असते तिथे येते. घरे पाच केली की खाच दोन घरांच्या मधे, भरीव पोलादावर जाते. वायोमिंगच्या जॉन लाइनबॉने अशाच चक्रांतून अर्ध्या इंचाची गोळी चालवून दाखवली. सहावे घर गेल्याचे दुःख कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

२००३ मध्ये स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम आणले. आता ही ताकद दुकानात मिळते. तरी लोक कारागिराकडे नाव नोंदवून थांबतात. तो चक्र सांगाड्यात बसवून एकेक घर नळीच्या रेषेत कोरतो. ज्यांना हा फरक कळतो, त्यांना थांबणे जड जात नाही.

लाइनबॉच्याच नावाच्या .४७५ काडतुसाची गोळी सुमारे २६ ग्रॅमची. ती सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तिचा धक्का मनगटाला सोसावा लागतो. वर्षानुवर्षे असे धक्के सोसलेला एक हात मी हातात घेतला आहे. त्याची बोटे पुरती मिटत नव्हती.

सरावात सोबती एखाद्या घरात गुपचूप रिकामी पुंगळी ठेवतो. घोडा तिच्यावर पडतो. आवाज नाही, धक्का नाही, पण नळीचे तोंड खाली झुकलेले असते. हात न आलेल्या धक्क्याशी झुंजलेला असतो. नेम धक्क्याने चुकत नाही. तो धक्क्याच्या वाटेकडे डोळे लावल्याने चुकतो, आणि हे बंदूक कधी न धरलेल्यांनाही लागू आहे.

रायफलने शिकार दुरून, कमी त्रासात होते. रिव्हॉल्व्हरवाला आपणहून जवळ जातो. जवळ गेल्यावर जनावर नुसते लक्ष्य राहत नाही. त्याचे कान हललेले दिसतात, थंडीत श्वासाची वाफ दिसते. चुकीची जबाबदारी मग अंतरावर ढकलता येत नाही.

पाच घरांपैकी बहुधा एकच रिकामे होते. पुष्कळदा तेही नाही. जनावर तिरके उभे असते, फांदी आड येते, उजेड उतरलेला असतो. एवढी ताकद मुठीत असताना चाप न ओढता परतणाऱ्यांविषयी मला मोठा आदर आहे. त्यांच्या हकिकती मात्र फारशा कानावर येत नाहीत. भिंतीवर लावायला त्यांनी काही आणलेले नसते.