विकलें म्हणजे सुटलें काय?

आमच्या लहानपणीं घरांतील तांब्या-पितळेचें भांडें फुटलें, किंवा डाग देण्याच्याहि पलीकडे गेलें, म्हणजे तें फेकून देण्याची कल्पना कोणाच्या मनांत येत नसे. आई तें तांबटाकडे पाठवी. तांबट त्याची मोड वजनानें घेई आणि नव्या भांड्याच्या किंमतींतून तेवढी रक्कम वजा करी. या व्यवहारांत नीतीचें कांहीं तत्त्व गोंवलेलें आहे, असें त्या दोघांपैकीं कोणासहि वाटत नसेल. परंतु आज विचार केला म्हणजे दिसतें कीं, त्या कारागिराचें आपल्या मालाशीं असलेलें नातें विक्रीच्या क्षणीं तुटत नव्हतें.

आज ज्या यंत्रांनीं आपलीं घरें आणि कचेऱ्या भरल्या आहेत, त्यांच्याविषयीं असें म्हणतां येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यांपैकीं रीतसर गोळा होऊन त्यांतील द्रव्यें परत मिळविलीं गेल्याची नोंद शेंकडा बावीसहून थोड्या अधिक भागाचीच आहे. बाकीच्याचें काय झालें?

त्या बाकीच्यांतील एका अंशाचा मी वांटेकरी आहें. २०१४ सालीं मी शिकवितों त्या महाविद्यालयांतील चाळीस जुने संगणक काढून टाकावयाचें ठरलें. समितींत मी होतों. आम्हीं दरपत्रकें मागविलीं, सर्वांत अधिक रक्कम देणाऱ्यास माल दिला, आणि संस्थेचें हित साधल्याच्या समाधानानें सह्या केल्या. पुढें कांहीं महिन्यांनीं मुंबईंत एका गल्लींतून जात असतां तसलींच यंत्रें हातोड्यानें फोडलीं जात असलेलीं मीं पाहिलीं. तांब्यासाठीं तारा जाळल्या जात होत्या. सोन्याचा अंश काढण्यासाठीं आंतील पट्ट्या आम्लांत बुडविल्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उघड्या हातांनीं तें काम करीत होता. तीं यंत्रें आमचींच होतीं असें मी म्हणत नाहीं. परंतु आमच्या हिशेबांतील चूक मला तेथें कळली. सर्वांत अधिक किंमत देणाऱ्यास ती परवडते कशी? जुन्या पडद्यांच्या कांचेंतील शिसें, नळीदिव्यांतील पारा, यांची नीट व्यवस्था लावण्याचा खर्च तो करीतच नाहीं, म्हणून. मोठ्या संस्थांनीं असा कचरा नोंदणी झालेल्या केंद्रांकडेच द्यावा असा नियम तेव्हां अमलांत होता. आम्हां सुशिक्षितांपैकीं कोणींहि तो वाचला नव्हता.

येथें व्यापारी म्हणेल, ‘वस्तु विकली, तिची किंमत घेतली, मालकी तुमच्याकडे आली. आतां तिचें काय करावें तें तुम्हीं पाहावें.’ हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाहीं. भाजी विकणाऱ्यास कोणी देंठांचा जाब विचारीत नाहीं. परंतु देंठ काय आहे हें घेणाऱ्यास ठाऊक असतें, आणि तें मातींत मिसळतें. बंद पेटीचें तसें नाहीं. विक्रीनें मालकी हस्तांतरित होते, ज्ञान होत नाहीं. आंत कोणतीं द्रव्यें आहेत आणि तीं वेगळीं कशीं करावीं, हें करणाऱ्यासच माहीत असतें. वस्तु स्क्रूनें जोडावी कीं डिंकानें चिकटवावी, बिघडलेला भाग बाजारांत मिळूं द्यावा कीं नाहीं, हेंहि तोच ठरवितो. ज्याच्या एकट्याच्या हातीं ज्ञान आणि सामर्थ्य आहे, त्याच्यावर कर्तव्याचा मोठा भाग पडावा, हें न्यायाला धरूनच आहे.

शिवाय वस्तूचें आयुष्य केवळ निसर्गनियमानें संपतें असेंहि नाहीं. १९२४ सालीं यूरोप-अमेरिकेंतील विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कारखानदारांनीं ‘फीबस’ नांवाचा संघ स्थापून दिव्याचें आयुष्य सुमारें एक हजार तासांवर आणण्याचें ठरविलें, आणि मर्यादेहून अधिक टिकणारे दिवे काढणाऱ्या सभासदास दंड ठेवला. टिकाऊपणा हा जेथें अपराध ठरला, तेथें कचऱ्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकणें म्हणजे आग लावणाऱ्यानें जळालेल्या घराच्या धन्यासच दोष देणें होय.

उत्पादकाची जबाबदारी विक्रीनंतरहि चालूं राहते, ही कल्पना १९९० सालीं थॉमस लिंडक्विस्ट या स्वीडिश अभ्यासकानें मांडली. आपल्या देशांत ती २०११ च्या नियमांनीं आली. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं तर उत्पादकांवर वर्षावर्षाचें प्रमाण बांधून दिलें आहे : आरंभीं शेंकडा साठ, आणि २०२७-२८ पासून शेंकडा ऐंशी. मात्र हें प्रमाण नोंदणीकृत कारखान्यांकडून प्रमाणपत्रें विकत घेऊन पुरें करतां येतें. व्यवस्था म्हणून यांत दोष नसेलहि. परंतु पैसे देऊन दुसऱ्याकडून उपास करवून घेणाऱ्यास त्याचें पुण्य कितपत लाभतें, हा प्रश्न उरतोच. कायदा वजन मोजूं शकतो, वृत्ति मोजूं शकत नाहीं.

मग सद्‌वृत्त व्यापाऱ्यानें काय करावें? वस्तु अशी घडवावी कीं ती उघडतां येईल. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती नाक्यावरच्या कारागिरासहि मिळूं द्यावी. आणि तांबटाप्रमाणें मोडीचें मोल देऊन माल परत घ्यावा. ज्या कचेऱ्या दर तीन-चार वर्षांनीं यंत्रें बदलतात, त्यांनीं चालूं स्थितींतील यंत्रें पुसून-तपासून दुसऱ्याच्या उपयोगास द्यावीं, कारण पुन्हां वापरणें हें वितळविण्याहून केव्हांहि श्रेष्ठ. वितळविण्याचेंहि मोल थोडें नाहीं. २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांचीं सुमारें पांच हजार पदकें जपानी जनतेनें दिलेल्या जुन्या उपकरणांतील धातूंपासून घडविलीं गेलीं. त्यांत बासष्ट लक्षांहून अधिक टेलिफोन होते, आणि सर्व मिळून सुमारें ३२ किलो सोनें निघालें.

एक शंका मला स्वतःलाच छळते. सर्व कांहीं मोठ्या कारखान्यांकडे गेलें तर त्या गल्लींतल्या मुलाचें पोट कसें भरावें? विष काढून घेतांना घांसहि काढून घेतला, तर त्यास न्याय म्हणतां येणार नाहीं. परंतु हे दोन पर्याय एवढेच नाहींत. पुण्यांतील ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ज्या रीतीनें घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम सन्मानानें करते, त्या रीतीनें हीं जुनीं यंत्रें गोळा करण्याचें व निवडण्याचें काम याच लोकांच्या हातीं राहूं शकेल. आम्लाचें व भट्टीचें काम तेवढें योग्य साधनें असलेल्या ठिकाणीं व्हावें.

२०२३ सालीं आमच्या महाविद्यालयांत पुन्हां तोच प्रसंग आला. या वेळीं मीं नोंदणीकृत केंद्राचा आग्रह धरला, आणि चालणारीं बारा यंत्रें एका शाळेस देवविलीं. पूर्वींच्या मानानें रक्कम फारच थोडी आली. एका सहकाऱ्यानें विचारलें, ‘हें नुकसान कोणीं सोसायचें?’ मीं म्हटलें, ‘नुकसान नवें नाहीं. आजपर्यंत तें दुसरा कोणी तरी सोशीत होता, इतकेंच.’