बंदूक जमा केल्यानंतर

‘भरमार’ हा शब्द गडचिरोलीत लहान पोरालाही ठाऊक असतो. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे, एका वेळी एकच बार. पोलिसांच्या आवाहनानंतर इथल्या अनेक गावकऱ्यांनी अशा बंदुका जमा केल्या. बातमीत फोटो आला, विषय संपला. मला प्रश्न पडतो तो पुढचा: देणाऱ्याला बदल्यात काय मिळालं?

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. म्हणजे रानडुकरांपायी धान गमावणाऱ्याची अडचण कायद्यालाही मान्य आहे.

तरीही बंदूक परत द्या, असं मी म्हणणार नाही. संघर्षाच्या मुलखात ती घरात असली की एक बाजू ती मागायला येते, दुसरी तिचा हिशेब विचारायला. आणि तिचा भरवसा तरी किती? १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. जवानांकडे शस्त्रं होती, प्रशिक्षणही होतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये सरकारनेच आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून हत्यारं दिली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

शहरांत आणि मोठ्या गावांत बंदूक वेगळ्याच कारणाने मागितली जाते. परवान्यासाठी जिवाला धोका आहे असं पटवावं लागतं, आणि पटवायला ओळख लागते. त्यामुळे पिस्तूल वजनदार माणसाच्या कमरेला जातं, भीती मात्र बिनवजनाच्या माणसाकडे राहते. मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, त्यानंतर बीडमधल्या परवान्यांची छाननी होऊन अनेक रद्द झाले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क मानला. त्याआधी, २००५ मध्ये, त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की पोलिसांनी संरक्षण-आदेश बजावलाच पाहिजे, असा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. हे दोन निकाल एकत्र वाचले की तिथला माणूस बंदुकीला का चिकटून असतो ते कळतं.

आपण तो हक्क नाकारतो, आणि ते मला योग्य वाटतं. पण नाकारलेल्या हक्काची किंमत सरकारने मोजायला हवी: पिकाचा पंचनामा वेळेत, भरपाई हातात, आणि रात्री हाक मारली तर कुणीतरी येणं. ११२ नंबर सगळ्यांसाठी आहे. तो लागायला आधी गावात रेंज हवी.