तुम्ही आधीसारखे राहिला नाहीत

जपानी भाषेत मी आयुष्यात दोनच वाक्यं लिहिली आहेत. तीही ट्रान्सलेट अ‍ॅपकडून करून घेतलेली. ‘तुम्ही आधीसारखे राहिला नाहीत. ज्यांनी तुम्हाला मोठं केलं, त्यांनाच तुम्ही फसवलंत.’ रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी जालन्यात आमच्या घराच्या गच्चीवर होतो, कानात इअरफोन, आणि ज्या बँडवर मी सात वर्षं जीव टाकला त्याचं नवं गाणं तिसऱ्यांदा ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मेसेज पाठवला आणि झोपलो. छान झोप लागली, हे आज सांगायला लाज वाटते.

बँडचं नाव सांगत नाही. पाच जणांचा छोटा बँड आहे, मागे कंपनी नाही, सीडी स्वतःच विकतात. त्यांना शिव्या देऊन झाल्यात, आता आणखी गर्दी कशाला पाठवू?

जालन्याचा पोरगा जपानी मेटलपर्यंत पोचतो कसा, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे: हॉस्टेल आणि हार्ड डिस्क. संभाजीनगरला इंजिनिअरिंग करताना माझ्या परतूरच्या रूममेटकडे ‘डेथ नोट’ होती. तिचं सुरुवातीचं गाणं नाइटमेअर नावाच्या बँडचं आहे. ते कोण म्हणून शोधायला गेलो तर चेहऱ्यावर पांढरा रंग, डोळ्यांना गडद काजळ आणि हवेत उभे केलेले केस अशी माणसं दिसली. ती पुरुष की बायका ते पटकन कळेना. याला व्हिज्युअल केई म्हणतात. हे नाव ‘व्हिज्युअल शॉक’ या शब्दांवरून रूढ झालं, आणि ते शब्द एक्स जपानच्या 1989च्या ‘ब्लू ब्लड’ अल्बमवरच्या घोषवाक्यात होते. त्याआधीचा अल्बम त्यांनी स्वतःच्याच लेबलवर काढला होता. त्यांच्या ड्रमर योशिकीने ते लेबल 1986 मध्ये उभं केलं होतं. मग आम्ही दिर एन ग्रेपर्यंत पोचलो, मग मालिस मिझेर. त्यातला माना कायम स्त्रीवेषात असतो आणि लोकांसमोर सहसा बोलतच नाही. तिथून खाली उतरत उतरत हा आमचा छोटा बँड सापडला. मी आणि परतूरकर, दोघांचाच. अख्ख्या मराठवाड्यात त्यांना ओळखणारे आम्ही दोघंच, असं आम्हाला वाटायचं. खरं खोटं देव जाणे, पण त्या वाटण्यात मजा होती.

नव्या गाण्यात किंचाळणं जवळजवळ नव्हतं. गायक सरळ आवाजात गात होता, मागे सिंथ, चेहऱ्यावर रंगही अर्धाच. परतूरकरला ते आवडलं. मी त्याला म्हणालो, तुला संगीतातलं काही कळत नाही, तुला फक्त मेकअप कळायचा. तो काही बोलला नाही. मग चार महिने आम्ही बोललोच नाही. त्याचा साखरपुडा झाल्याचं मला स्टेटसवरून कळलं.

हे सगळं असंच राहिलं असतं, पण मध्ये आबा आले. आबा म्हणजे माझे आजोबा, वय चौऱ्याऐंशी. मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. त्यांना नाट्यसंगीताचं वेड, आणि नाट्यसंगीतात फक्त बालगंधर्व. त्यांनी बालगंधर्वांना कधी पाहिलेलं नाही. शेठच्या घरच्या तबकड्या आणि रेडिओ, एवढंच. मीही माझ्या बँडला कधी पाहिलेलं नाही. एका संध्याकाळी मी त्यांना फोनवर गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावून दिली. ती संपल्यावर आबा म्हणाले, “त्या बाईनं बुडवलं बघ देवमाणसाला.” आवाज अगदी माझा. तोच ठसका, तीच खात्री.

ती बाई म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. प्रकरण मला माहीत नव्हतं. ‘बालगंधर्व’ सिनेमा 2011 मध्ये आला तेव्हा मी शाळेत होतो, सुबोध भावेचे शालू तेवढे लक्षात होते. मग वाचत गेलो.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 1888. 1905 पासून रंगभूमीवर. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. त्यांच्यासारखी साडी नेसायला बायका शिकत होत्या. प्रेक्षक एकाच पदाला वन्स मोअर, वन्स मोअर म्हणत राहायचे आणि ते गात राहायचे. 1919 मध्ये ‘एकच प्याला’ आलं. शालू-शेल्यात सजलेली ही नायिका दारुड्याची गरीब बायको सिंधू होऊन आली, आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतलं. म्हणजे बदल चालला. बदल चालतो, पण आपल्याला हव्या त्या दिशेनेच.

कारण 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते पुरुष म्हणून उभे राहिले, एकनाथ महाराज म्हणून. पैठणचे नाथ, आमच्या शेजारचेच. अनेक चाहत्यांना ते रुचलं नाही. प्रभातबरोबरची भागीदारी त्या एका चित्रपटावर संपली. मग 1937 मध्ये त्यांनी पडद्यावर पुन्हा स्त्रीवेष घेतला, ‘साध्वी मीराबाई’त. वय पन्नाशीला टेकलेलं, कॅमेरा जवळ. तेही चाललं नाही. मला इथे थांबावंसं वाटलं. लोक जुनं मागत होते, त्याने जुनं दिलं, आणि तेही नको झालं. माझ्या बँडने उद्या पुन्हा पहिल्या अल्बमसारखं गाणं काढलं तर मी काय म्हणेन? माहीत आहे मला: ‘स्वतःचीच नक्कल करताहेत.’

पुढे 1938च्या सुमारास गोहरबाई कंपनीत आल्या. गंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी गळ्यात उतरवली होती. म्हणजे बघा, त्याही चाहत्याच. त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि गंधर्वांनी पुरुषभूमिका. पुढे दोघांनी लग्न केलं. शेवटच्या काळात गंधर्वांचे पाय गेले, तेव्हा त्यांचं सगळं गोहरबाईंनी केलं. त्या त्यांच्या आधीच गेल्या. पण चाहत्यांच्या हिशेबात ही वेगळ्या जातीधर्माची बाई म्हणजे नुकसान करणारी. वय झालं होतं, सिनेमा आला होता, कंपनीवर कर्ज होतं. पण वयावर राग काढता येत नाही. बाईवर काढता येतो.

मी आबांना विचारलं, “आबा, तुम्ही त्यांना कधी ऐकलंत? गोहरबाईंना?”

“कामून ऐकू?” आबा म्हणाले.

आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे जुनं व्हर्जन बंद करायचं तर आधी कळवावं लागतं, कारण त्यावर कुणाचं तरी काम अडलेलं असतं. वापरणारा चिडला तर त्याला तो हक्क आहे. त्या रात्री मला वाटत होतं की बँडने असंच काहीतरी न कळवता बंद केलं. पण काय बंद केलं? पहिला अल्बम माझ्या फोनमध्ये जसाच्या तसा आहे. गंधर्वांच्या प्रेक्षकाचं नुकसान खरं होतं. त्या काळी एका तबकडीच्या बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि रंगमंचावर रात्रभर चालणारं ते गाणं एकदा गेलं की गेलंच. माझ्यापेक्षा त्यांना रडायचा हक्क जास्त. त्यांनी तो वापरला तर एका बाईचं आयुष्य कडू केलं, आणि मी न वापरता येणारा हक्क वापरून एक मित्र घालवला.

मला आवडलं नाही, हे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही बिघडलात, हे म्हणायचं तर नीट ऐकावं लागतं; मी तीनदा ऐकलं होतं, तेही तापलेल्या डोक्याने. पण ‘फसवलंत’? त्यासाठी आधी करार लागतो. मी जपानहून दोन सीडी मागवल्या होत्या, कस्टम भरून महागात पडल्या. त्या सीडींचं माप मला पुरेपूर मिळालं. पुढच्या गाण्यांचा विसार मी दिला नव्हता. मोंढ्यात असा दावा कुणी केला असता तर आबांनीच त्याला पायरीवरून खाली उतरवलं असतं.

गंमत अशी की प्रेम करताना मी भक्त असतो आणि रागावलो की गिऱ्हाईक होतो. भक्त परतावा मागत नाही. गिऱ्हाईक रात्री पावणेदोनला रडत नाही. मला दोन्हीकडचं हवं होतं.

पण याच्या उलट टोकाचे चाहते मला अजूनही पटत नाहीत. काहीही काढलं तरी ‘वा, काय सुंदर!’ म्हणणारे. थकलेल्या गंधर्वांनाही प्रेमाने वन्स मोअर देणारे होतेच. त्या टाळ्यांनी माणूस जगला की अडकला, मला ठरवता येत नाही. योशिकीच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या, कारण तो ज्या तऱ्हेने ड्रम वाजवायचा तशा तऱ्हेने मान वर्षानुवर्षं टिकत नाही. दिर एन ग्रेचा गायक क्यो याच्या आवाजाच्या त्रासामुळे 2012 मध्ये बँडला थांबावं लागलं. ते जे ‘जुनं’ आम्ही मागतो, ते कुणाच्या तरी घशातून, मानेतून निघालेलं असतं. माझ्या बँडच्या गायकाने किंचाळणं का सोडलं, मी विचारलं नव्हतं. कदाचित कंटाळला असेल. कंटाळायलाही हरकत काय आहे?

मागच्या रविवारी आबांच्या कानाला इअरफोन लावून ते नवं गाणं ऐकवलं. चाळीसेक सेकंद ऐकून त्यांनी काढून ठेवला. “गडी आहे का बाई?” म्हणाले. गडी, मी म्हटलं. “गळा बरा आहे. पण लई आवाज करतात बाकीचे.” मग मी गोहरबाईंची रेकॉर्ड शोधून लावली आणि कोण गातंय ते सांगितलं नाही. आबा पूर्ण ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, “गंधर्वांची ही ऐकली नव्हती.” मी सांगितलं. आबांनी चष्मा पुसला आणि चहाचं काय झालं म्हणून आत हाक मारली.

रात्री परतूरकरला लिहिलं: ‘साखरपुड्याचं अभिनंदन, उशिरा. गाणं मला अजून आवडलेलं नाही. पण 2:10 ला तो मध्येच श्वास घेतो, पुढची ओळ थोडी चुकते आणि तशीच ठेवलीये. ऐकलंस का ते?’

दोन निळ्या टिक आल्या. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.