चमत्कार की चिकित्सा?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एका उपासिकेने मला विचारले, "गुरुजी, येशूच्या प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणतात. आपल्या बुद्धाकडे असं काही नाही का?" सभोवतीचे दोघेतिघे हसले. मला मात्र हसू आले नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या त्या माउलीने मनातले बोलून दाखवले होते. आपल्यापैकी कितीतरी घरांत हा प्रश्न आहे, पण तो विचारण्याचे धैर्य नाही. म्हणून आज त्याच प्रश्नाचा विचार करू.

आधी माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या मावशीच्या मुलाला फेफऱ्याचा आजार. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या, झटके कमी झाले होते. अशात वस्तीत प्रार्थनेची बैठक सुरू झाली. तिथल्या मंडळींनी मावशीला शुभवर्तमानातली एका मुलाची कथा सांगितली. त्या मुलालाही असेच झटके येत, तो विस्तवात पडे, पाण्यात पडे, आणि येशूने त्याला बरे केले. मावशीला वाटले, ही तर माझ्याच पोराची कथा. डोक्याला तेल लावून प्रार्थना झाली आणि गोळ्या बंद झाल्या. दोन आठवड्यांनी मुलगा चुलीजवळ असताना झटका आला. हात भाजला. बैठकीतून उत्तर मिळाले, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला."

हे ऐकून मी ते शुभवर्तमान मिळवून वाचले. दुसऱ्याच्या धर्मावर बोलायचे तर त्याचा ग्रंथ वाचूनच बोलावे, ही शिस्त बाबासाहेबांनी आपल्याला घालून दिली आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ती कथा आहे. तिथला बाप येशूपुढे कबूल करतो की माझा विश्वास अपुरा आहे, त्यालाही तुम्हीच साहाय्य करा. तरीही मुलगा बरा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच कथा येते, आणि तिथे अल्पविश्वासाचा ठपका येतो तो बरे करू न शकलेल्या शिष्यांवर, आजारी मुलाच्या घरावर नव्हे! म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावाने माझ्या अडाणी मावशीला दोषी ठरवले, त्या ग्रंथातही तिला दोषी ठरवायला आधार नव्हता.

बंधूंनो, ख्रिस्ती धर्मात चमत्काराचे स्थान काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. चारही शुभवर्तमाने चमत्कारांनी भरलेली आहेत. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो, पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांचे पोट भरते, आंधळ्याला दृष्टी येते, मेलेला लाजर कबरीतून बाहेर येतो. या सर्वांवर कळस म्हणजे येशूचे स्वतःचे पुनरुत्थान. पौलाने तर करिंथकरांना स्पष्ट बजावले की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वासच व्यर्थ आहे. चमत्कार हा त्या धर्माचा अलंकार नाही, पाया आहे.

परंतु त्याच ग्रंथांत दुसरा सूरही आहे. अरण्यात उपाशी असताना येशू दगडांच्या भाकरी करण्याचे नाकारतो. मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन दाखव, या आव्हानालाही तो बळी पडत नाही. परुशी लोक चिन्ह मागतात तेव्हा तो उसासा टाकतो आणि नकार देतो. म्हणून चमत्काराविषयी ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. सोळाव्या शतकातील सुधारक कॅल्व्हिन याच्या मते बरे करण्याचे ते देणे प्रेषितांच्या काळापुरतेच होते. अमेरिकेतील धर्मपंडित वॉरफिल्ड याने १९१८ साली खोट्या चमत्कारांवर ग्रंथच लिहिला. उलट १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा मार्गावरून पसरलेल्या पेंटेकोस्टल चळवळीने आरोग्यदानाची प्रार्थना उपासनेच्या मध्यभागी आणली. आपल्या महाराष्ट्रात केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ सालीच असे पुनरुज्जीवन झाले होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात जॉन विंबर या अमेरिकन प्रचारकाने असे मांडले की सुवार्तेच्या शब्दाबरोबर चमत्काराचे सामर्थ्य दिसले, म्हणजे ऐकणाऱ्याचा विरोध गळून पडतो.

हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात घ्या. विरोध गळून पडतो म्हणजे काय? पटण्यापूर्वीच माणूस नमतो. आणि कोणता माणूस? ज्याच्या घरी आजार आहे, ज्याच्या खिशात पैसा नाही, ज्याला दवाखान्यात कोणी धड उत्तर देत नाही, तो.

आता या चमत्कारांची चिकित्सा करू. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ साली बर्नाडेट नावाच्या मुलीला मरियेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. तिथल्या झऱ्याच्या पाण्यासाठी लक्षावधी आजारी येतात. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे आणि बरे झाल्याचे दावे तपासले जातात. दावे सात हजारांहून अधिक नोंदले गेले. २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले फक्त ७०. म्हणजे स्वतः चर्चने तपासले, तेव्हा शंभरातला एकच दावा उरला. मग आपल्या वस्तीतल्या मांडवात एका संध्याकाळी दहा दहा चमत्कार कसे होतात?

ते कसे होतात, तेही १९८६ साली जगाने पाहिले. पीटर पोपॉफ नावाचा अमेरिकन प्रचारक अनोळखी माणसाचे नाव, पत्ता, आजार अचूक सांगे. जेम्स रँडी यांनी दाखवून दिले की त्याच्या कानात लहानसे यंत्र होते आणि त्याची पत्नी बिनतारी यंत्रावरून सारी माहिती पुरवीत होती! लोक समजत होते देव बोलतो आहे.

प्रत्येक ठिकाणी लबाडीच असते असे मात्र नाही. पुष्कळदा माणसे प्रामाणिक असतात आणि तरी फसतात. दुखणे आपोआप कमीजास्त होते, आणि कमी झाले त्या दिवशीची प्रार्थना लक्षात राहते. औषध आणि प्रार्थना बरोबर चाललेली असते, श्रेय प्रार्थनेला जाते. बरा झालेला साक्ष द्यायला मंचावर येतो; बरा न झालेल्याच्या हाती ध्वनिक्षेपक कोणी देत नाही. पश्चिम बंगालमधील एका आदिवासी स्त्रीच्या पोटातील गाठ १९९८ साली मदर तेरेसांच्या कृपेने गेली, असे व्हॅटिकनने मान्य केले आणि त्या आधारे २००३ साली मदर तेरेसांना धन्य घोषित केले. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर मात्र सांगत होते की गाठ औषधांनी बरी झाली.

मुंबईत विलेपार्ले येथे २०१२ साली एका क्रूसावरील मूर्तीतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले, तर जवळचे सांडपाण्याचे गटार तुंबले होते आणि दिव्याची वात जशी तेल वर ओढते तसे भिंतीने ते पाणी वर ओढले होते. सत्य सांगितल्याबद्दल त्यांच्यावरच पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. पण हा एकाच धर्माचा रोग आहे असे समजू नका. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. त्या रांगांत आपल्यापैकी कोणीच नव्हते, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का? आणि आज आपल्या घरी परित्राणाचा धागा ताईत म्हणून बांधला जातो, तो काय आहे?

येथे कोणी द्वेषाचा अर्थ काढू नये. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म निवडण्याचा अधिकार दिला आहे, आणि धर्मांतर करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या धर्मांतरावर दात खाणे शोभत नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ऋणही आपण विसरू नये. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सिंथिया फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. तिथे हातात शस्त्रक्रियेची सुरी होती, म्हणून माणसे जगली. दगडी इमारतीतला हा दयाधर्म मला तेलाच्या बाटलीतल्या चमत्कारापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येतो. बुद्धाकडे असे काही नाही का? बाई, आपल्या ग्रंथांतही ऋद्धीच्या कथा आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. पण तथागतांनी त्यांना काय किंमत दिली, ते पाहा. राजगृहात पिंडोल भारद्वाजाने उंच टांगलेले चंदनाचे पात्र ऋद्धीने खाली आणले, तेव्हा तथागतांनी त्याची कानउघाडणी केली, ते पात्र फोडायला लावले आणि लोकांपुढे असे प्रदर्शन करण्यास भिक्खूंना मनाई केली. नालंदेला केवट्ट नावाच्या गृहपतीने विनंती केली की एखाद्या भिक्खूने चमत्कार दाखवला तर लोकांची श्रद्धा वाढेल. तथागतांनी तीन प्रातिहार्ये सांगितली: ऋद्धीचे, परचित्त ओळखण्याचे आणि अनुशासनाचे. पहिल्या दोहोंची त्यांना लाज वाटते. उपदेशाने माणसाचे वागणे पालटते, ते तिसरे प्रातिहार्य त्यांनी श्रेष्ठ मानले. मेलेले मूल घेऊन किसा गोतमी आली, तेव्हा त्यांनी मूल उठवले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आण म्हणून दारोदार पाठवले, आणि तिचा शोक सत्याने शांत केला.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. एकवीस वर्षे! त्यांना काय मोठमोठी आमिषे दाखवणारे कोणी भेटले नाही? पण त्यांनी वाचले, तोलले, पारखले आणि मग निवडले. आपले धर्मांतर हा सौदा नव्हता, निर्णय होता.

एवढे सारे मी मावशीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझं पुस्तकातलं खरं असंल, बाबा. पण ती माणसं रोज सांजच्याला येत होती. पोराला जवळ घेत होती. तुमच्या विहारातलं कोण आलं? तू तरी कवा आलास?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे घर तिच्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहे.

त्या रात्री मला विनयातली एक कथा आठवली. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघाला समज दिली की जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी. चमत्काराला खरे उत्तर हे आहे. नुसत्या वादविवादाने मावशीचे घर परत मिळत नाही.

म्हणून उपासक-उपासिकांनो, तीन गोष्टी करा. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. फेफऱ्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर जण योग्य औषधांनी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, आणि औषध एकाएकी तोडणे घातक असते. चमत्काराच्या नावाने कोणी फसवत किंवा पैसे उकळत असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: दर पौर्णिमेला वंदनेनंतर वस्तीत कोण आजारी आहे ते विचारा आणि दोघांनी त्या घरी जाऊन बसा.

मावशीच्या मुलाच्या गोळ्या पुन्हा चालू आहेत. महिन्यातून एकदा मी त्याला दवाखान्यात घेऊन जातो. रांग लांब असते. रांगेत त्याचे पाढे म्हणून होतात. गेल्या सात महिन्यांत त्याला झटका आलेला नाही. याला मी चमत्कार म्हणत नाही.

भवतु सब्ब मंगलं.