शेंग लाँगच्या शोधात

थट्टा केव्हा असत्य ठरते, हा प्रश्न नीतिशास्त्राला जुनाच. संत ऑगस्टीन थट्टेला असत्यात धरीत नाहीत. बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच तिचा हेतू कळतो, असे त्यांचे म्हणणे. संत थॉमस अक्वायनस मात्र गमतीखातर बोललेले असत्यही असत्यच, जरी सौम्य, असे मानतात. या वादात एका व्हिडिओ गेमची साक्ष काढणे कोणास विचित्र वाटेल. पण ती साक्ष बोलकी आहे.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा नाणे टाकून खेळावयाचा द्वंद्वयुद्धाचा खेळ १९९१ साली आला. त्यातील ऱ्यू हा योद्धा जिंकल्यावर आपल्या एका डावाचे नाव घेई. त्या नावातील ‘उसळता ड्रॅगन’ अशा अर्थाची अक्षरे इंग्रजी भाषांतरात चिनी उच्चाराने ‘शेंग लाँग’ अशी उतरली आणि डावाचा माणूस झाला! ‘शेंग लाँगला हरविल्याखेरीज तुझा निभाव नाही,’ अशा अर्थाचे वाक्य वाचून मुले त्याला शोधू लागली.

एप्रिल १९९२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकन मासिकाने त्याला गाठण्याची युक्तीच बनावट चित्रांसह छापली. एकही फटका न खाता अखेरच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचावे. तेथे परस्परांना स्पर्शही न करता दहा फेऱ्या काढाव्यात. मग शेंग लाँग प्रकटेल.

या अटीतच खरी मेख आहे. एरवी फसलेला मनुष्य फसविणाऱ्यास दोष देतो. येथे शेंग लाँग दिसला नाही, तर मुलाने संशय घ्यावा तो मासिकावर नव्हे, स्वतःच्या हातांवर. आणि आणखी एक नाणे टाकावे. अंकावर ‘एप्रिल’ छापलेले होते, हे खरे. पण युक्ती तोंडोतोंडी पसरली आणि महिना मागेच राहिला. छापील अक्षराला स्वर तरी कोठला?

मुले भोळी होती, असेही म्हणवत नाही. अटारी कंपनी खेळ रचणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त दालनात आपले नाव दडविले होते आणि ते एका मुलानेच हुडकून काढले. अशी खरी गुपिते असताना शेंग लाँगवर विश्वास ठेवणे वावगे नव्हते. किंबहुना त्या विश्वासावरच ती थट्टा जगली.

पुढे मासिकाने थट्टा कबूल केली. १९९४ साली कॅपकॉमने ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये एक गुप्त योद्धा खरोखरच घातला. त्याच्या अटीही कठीणच होत्या. परंतु त्या पाळल्यावर तो समोर येई.