नावापलीकडची अपेक्षा

४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक हुसेन ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. ते ख्रिश्चन आहेत हे ठाऊक असूनही, मधल्या नावामुळे आपल्यातल्या अनेकांना ते 'आपले' वाटले. २२ जानेवारी २००९ला त्यांनी ग्वांटानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. जूनमध्ये कैरोला जाऊन 'अस्सलामु अलैकुम' म्हटले. पुढे अमेरिकी काँग्रेसने कैदी देशात आणू दिले नाहीत. पाकिस्तानवरचे ड्रोन हल्ले मात्र त्यांच्याच कारकिर्दीत वाढले. २०१७ साली ते पायउतार झाले तेव्हा ग्वांटानामोत ४१ कैदी होतेच.

दोष कुणाचा? आधी शब्द देणाऱ्याचा. पण नावावर भाळून प्रश्न विचारायचे विसरणाऱ्यांचाही थोडा आहेच. आपल्या मतदारसंघातही आपण उमेदवाराचे नाव आधी वाचतो, काम नंतर.

अपेक्षा बेताची ठेवणे म्हणजे निराश होणे नव्हे. खलिफा झाल्यावर हजरत अबू बकर यांनी पहिल्याच भाषणात, आपण चुकलो तर आपल्याला सरळ करा, असे लोकांना सांगितले होते. सत्ता ही अमानत आहे. तिचा हिशेब 'आपला' वाटणाऱ्याकडे तर अधिकच चोख मागावा.