मुक्याच्या देहावर आपला अधिकार किती?

गोऱ्हा खच्ची करावा की नाही, करावा तर केव्हा व कसा, हा प्रश्न पोथीतला नव्हे असे कोणी म्हणेल. पण वारकऱ्याच्या दारातला तो आहेच. आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पालखीचे रथ निघतात, ते ओढणारे बैल असतात, वळू नव्हेत. ज्याच्या खांद्यावर आपण माउलींचा रथ देतो, त्याच्याकडून आधी काय काढून घेतले, याचा विचार करू नये काय?

रीत जुनी आहे. ऋग्वेदात खच्ची केलेल्यासाठी ‘वध्रि’ हा शब्द आहे. वळू नांगराला सहजी आवरत नाही, गाय दिसली की दावे तोडतो. मोकळा सोडला तर दुसऱ्याचे पीक तुडवतो आणि आपल्याच कालवडींवर जातो. तेव्हा नुसते ‘हात लावू नका’ म्हटल्याने अहिंसा साधत नाही.

यावर काही जण गोड युक्तिवाद करतात : आपण त्याची वासना काढली, त्याला विरक्त केले! सज्जनहो, हे खरे नव्हे. ठेवणे ज्याच्या हाती असते, त्याचाच त्याग. गोऱ्ह्याला कोणी विचारले? सरळ म्हणावे की आपल्या कामासाठी आपण घेतले. घेतले म्हणजे ऋण झाले.

ते फेडायचे कसे? आधी त्याची वेदना कमी करून. पूर्वी गोऱ्हा पाडून नसा ठेचीत. ‘बडवणे’ हा शब्दच ते सांगतो. पुढे इटलीतल्या बर्डिझो यांच्या नावाचा चिमटा आला. त्याने कातडी न फाटता आतली नस चेपते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या, जागा थोडी वरखाली धरून दाबतात, म्हणजे पिशवीचा रक्तपुरवठा तुटत नाही. पण रक्त दिसले नाही म्हणून दुखले नाही, असे कसे म्हणावे? पशुवैद्याकडून जागा बधिर करून घ्यावी, मागाहून वेदनाशामक द्यावे.

मांसासाठी वासरे पाळणाऱ्या देशांत हे काम बहुधा कोवळ्या वयातच उरकतात. त्रास कमी होतो. आपल्याकडे मान आणि वशिंड भरावे म्हणून शेतकरी दोन-तीन वर्षे थांबतो. थांबण्यास कारण आहे, पण उशिराचा भार जनावर सोसते, हे जाणून थांबावे. माश्यांचे पावसाळी दिवस टाळावेत, हिवाळा बरा. सूज उतरेपर्यंत जू ठेवू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने खच्चीकरणाची मुभा ठेवली आहे. मुभा म्हणजे निर्दयतेचा परवाना नव्हे.

आणि हे ऋण एका दिवसात फिटत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. इकडे ट्रॅक्टर आला नि बैलाचे काम घटले. पोळ्याला पुरणपोळी चारायची आणि थकल्यावर त्यालाच रस्त्यावर सोडायचे, ही चिमट्याहून मोठी हिंसा होय. ज्याला जन्मभर कडबा घालण्याची तयारी नाही, त्याने गोऱ्ह्याला हातच लावू नये.

आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणात रेड्याला मारलेले फटके ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. गोऱ्हा पाडण्याआधी डॉक्टरला निरोप गेला का, एवढे घरात विचारले, तरी ती ऐकल्याचे सार्थक झाले. रामकृष्णहरी.